विश्लेषण : उरलेला ब्रेड, पिकून गेलेला चिकू... फ्रेंच टोस्ट नेमका जमतो कसा?

तारापूर औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी सुटते, तेव्हा बोईसरमधील अनेक घरांत न्याहारीची वेळ झालेली असते. ओट्यावर परवाच्या ब्रेडच्या पाकिटातले चार-सहा स्लाइस उरलेले असतात. टोपलीत दोन दिवसांपूर्वी आणलेले डझनभर चिकू एकाच वेळी पिकलेले असतात. ब्रेड नुसता खाववत नाही आणि चिकू संपत नाहीत. दोन दिवसांनी दोन्हींची रवानगी कचऱ्यात होते. फ्रेंच टोस्ट हा पदार्थ जन्माला आला तो अशाच उरलेल्या वस्तूंसाठी. मग घरी केलेला टोस्ट अनेकदा मधोमध गिचका, वरून करपलेला आणि अंड्याचा वास येणारा का होतो? त्यावर घालायचे फळ गरम कशासाठी करायचे? आणि पालघर जिल्ह्याची ओळख असलेला चिकू यासाठी कितपत उपयोगी पडतो? याचा आढावा.

फ्रेंच टोस्ट म्हणजे काय? तो खरोखर फ्रेंच आहे का?

अंडे, दूध आणि थोडी साखर यांच्या मिश्रणात ब्रेडचा स्लाइस बुडवून तो तव्यावर लोणी किंवा तुपात परतला की फ्रेंच टोस्ट तयार होतो. नाव फ्रेंच असले तरी कल्पना फ्रान्सपेक्षा कितीतरी जुनी आहे. ‘एपिकियस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाकग्रंथात पाव दुधात भिजवून तेलात तळायचा आणि वर मध ओतायचा, अशी कृती आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मे या बल्लवाचार्याने १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात ‘फ्रेंच टोस्ट’ हे नाव आढळते. मात्र त्या कृतीत अंडे नव्हते. भाजलेला पाव वाइन, साखर आणि संत्र्याच्या रसात भिजवायचा, एवढीच ती कृती होती.

खुद्द फ्रान्समध्ये या पदार्थाला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात. म्हणजे ‘वाया गेलेला पाव’. जर्मनीत त्याचे नाव ‘गरीब सरदार’ अशा अर्थाचे आहे. स्पेनमध्ये ईस्टरआधीच्या दिवसांत ‘तोरिहा’ होतो आणि पोर्तुगालमध्ये नाताळात ‘रबानाडा’. आपल्याकडे तो ‘बॉम्बे टोस्ट’ म्हणूनही ओळखला जातो. नावे वेगळी असली तरी गरज एकच होती. कडक झालेला पाव टाकून न देता पुन्हा ताटात आणायचा. त्या अर्थाने फ्रेंच टोस्ट हे आपल्या फोडणीच्या पोळीचे आणि गूळ-तूप घालून केलेल्या शिळ्या पोळीच्या लाडवाचे चुलत भावंड आहे. हैदराबादचा ‘डबल का मीठा’ही याच कुळातला.

पालघर जिल्ह्यात पाव तसा परका नाही. आज याच जिल्ह्यात असलेली वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला.

शिळाच ब्रेड का घ्यायचा?

घरचा फ्रेंच टोस्ट फसण्याचे पहिले कारण म्हणजे ताजा, लुसलुशीत ब्रेड. ताज्या स्लाइसमध्ये आधीच भरपूर ओलावा असतो आणि त्याची जाळी मऊ असते. दूध-अंड्यात पडताच ती जाळी खचते. स्लाइस उचलताना फाटतो आणि तव्यावर वरची बाजू तांबूस झाली तरी मधला भाग ओल्या कणकेसारखा राहतो.

शिळ्या ब्रेडचे तसे होत नाही. ब्रेड शिळा होणे म्हणजे केवळ वाळणे नव्हे. भट्टीत भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. ब्रेड थंड झाला की हाच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरू लागतो. त्यामुळे ब्रेड कडक लागतो. अशी घट्ट झालेली जाळी दूध-अंडे शोषून घेते, पण कोसळत नाही. पुन्हा उष्णता मिळाली की स्टार्च बराचसा मऊ होतो. म्हणून शिळ्या ब्रेडचा टोस्ट आतून खिरीसारखा मऊ आणि तरीही आकार धरून राहणारा होतो.

स्टार्च घट्ट होण्याची ही क्रिया फ्रीजमधील तापमानाला सर्वांत वेगाने होते. म्हणूनच फ्रीजमध्ये ठेवलेला ब्रेड बुरशीपासून वाचतो, पण लवकर कडक होतो. नुसता खायला तो नकोसा वाटत असला तरी फ्रेंच टोस्टला उत्तम. बाजारातील पाकीटबंद ब्रेड मात्र जास्त दिवस मऊ राहावा अशाच पद्धतीने बनवलेला असतो. तो दोन दिवसांनीही पुरेसा कडक होत नाही. अशा वेळी स्लाइस कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर शेकून घ्यावेत. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त ओलावा उडवायचा. लादीपाव वापरायचा असेल तर तो आडवा चिरून आतली बाजू अशीच शेकावी.

यात एक सावधगिरी हवी. शिळा ब्रेड वेगळा आणि बुरशी आलेला ब्रेड वेगळा. किनारपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ब्रेडला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच कोपरा कापून उरलेला वापरू नये. डोळ्यांना ठिपका दिसतो, तेव्हा बुरशीचे तंतू ब्रेडच्या आत पसरलेले असू शकतात. तळल्याने किंवा शेकल्याने बुरशीतील घातक घटक नष्ट होतीलच असे नाही. असे पाकीट फेकून देणेच योग्य.

दूध-अंड्याचे प्रमाण काय असावे?

चार मध्यम स्लाइससाठी दोन अंडी, अर्धा कप (सुमारे १२० मिलिलिटर) दूध, दोन चहाचे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ पुरेसे होते. स्वादासाठी वेलची पूड किंवा किसलेले जायफळ घालावे. दूध वाढवले तर टोस्ट ओला राहतो. दूध कमी केले तर ब्रेडला ऑम्लेटचा थर चिकटल्यासारखे लागते. साखर यापेक्षा जास्त नको, कारण ती तव्यावर लवकर करपते. गोडी वरच्या फळातून येणारच असते.

अनेकांना नको वाटणारा अंड्याचा वास दोन कारणांनी येतो. मिश्रण नीट एकजीव झालेले नसते, किंवा अंडे गरजेपेक्षा जास्त शिजलेले असते. पांढऱ्या बलकाच्या गुठळ्या राहिल्या की त्या तव्यावर वेगळ्या शिजतात आणि टोस्टवर पांढरे चट्टे उठतात. यावर सोपा उपाय म्हणजे आधी अंडी, साखर, मीठ फेटून घ्यावे, मग दूध घालावे आणि मिश्रण चहाच्या गाळणीने गाळून घ्यावे. अंड्यातील दोरीसारखे पांढरे तंतू गाळणीत राहतात.

मिश्रण खोलगट ताटात ओतावे. पाकिटातला पातळ स्लाइस प्रत्येक बाजूने २० ते ३० सेकंद, तर बेकरीतून जाड कापून आणलेला ब्रेड मिनिटभर भिजवावा. उचलल्यावर जास्तीचे मिश्रण निथळू द्यावे. स्लाइस हातात वाकला पाहिजे, पण तुटता कामा नये.

तव्यावर नेमके काय होते?

टोस्ट तव्यावर पडतो तेव्हा दोन क्रिया एकाच वेळी सुरू होतात. बाहेरच्या बाजूला दुधातील आणि अंड्यातील प्रथिने साखरेशी संयोग पावून तांबूस रंग आणि खमंग वास निर्माण करतात. आत दूध-अंड्याचे मिश्रण घट्ट होऊ लागते. पहिल्या क्रियेला पृष्ठभागाचे तापमान पाण्याच्या उत्कलन बिंदूच्या बरेच वर जावे लागते. दुसरीला आतमध्ये ७० ते ८० अंश सेल्सिअस एवढे पुरते. पण उष्णता ब्रेडमधून आत पोहोचायला वेळ लागतो. तवा फार तापलेला असेल तर बाहेरचे काम मिनिटात आटोपते आणि आतले तसेच राहते. करपलेला आणि तरीही कच्चा टोस्ट होतो तो यामुळे.

म्हणून आच मध्यमपेक्षा थोडी कमी ठेवावी. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो हळू चुरचुरत आटला पाहिजे. उड्या मारत नाहीसा झाला तर तवा जास्त तापला आहे. नुसते लोणी वापरले तर त्यातील दुधाचा अंश काळा पडतो. अर्धे लोणी, अर्धे तूप घेतले तर लोण्याची चव मिळते आणि करपणेही टळते. प्रत्येक बाजू अडीच ते तीन मिनिटे शेकावी. मध्ये मध्ये उलथण्याने दाबू नये. दाबल्याने आतले मिश्रण बाहेर येते आणि टोस्ट चपटा, कोरडा होतो. बोटाने हलके दाबल्यावर मधला भाग किंचित फुगून वर आला आणि कडेने ओले मिश्रण आले नाही, तर टोस्ट शिजला असे समजावे.

फळ गरम कशासाठी करायचे?

गरम टोस्टवर थंड, चिरलेले फळ घातले तर टोस्ट लगेच निवतो, फळाचे पाणी सुटते आणि कुरकुरीत कड ओली होते. फळ आधी गरम केले तर त्यातील जास्तीचे पाणी पॅनमध्येच आटते. फळाच्या पेशींच्या भिंती मऊ होतात, रस बाहेर येतो आणि दाट होऊन टोस्टवर बसतो. उष्णतेने वासही अधिक उठून येतो. परदेशी पाककृतींमध्ये यासाठी सफरचंद, पीच किंवा बेरी वापरतात. पालघरच्या बाजारात हे काम करणारे फळ वर्षभर मिळते, ते म्हणजे चिकू.

बोईसरहून डहाणूच्या दिशेने निघाले की वाणगाव, मग डहाणू रोड आणि त्यापुढे घोलवड. घोलवड-बोर्डीचा हा पट्टा चिकूच्या वाड्यांसाठी ओळखला जातो. येथील प्रमुख वाण कालीपत्ती. चिकू मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्या झाडाच्या चिकापासून एकेकाळी च्युइंगम बनवले जात असे. डहाणू परिसरात इराणी, पारशी आणि स्थानिक बागायतदारांनी त्याच्या वाड्या वाढवल्या. ‘घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

चिकूत गोडी भरपूर आणि आंबटपणा जवळपास नाही. त्याची चव मुळातच गुळासारखी, किंचित भाजलेल्या साखरेसारखी असते. त्यामुळे त्यावर वेगळे सिरप ओतण्याची गरज उरत नाही. मात्र नुसता शिजवलेला चिकू एकसुरी गोड लागतो. त्याला लिंबाची आणि चिमूटभर मिठाची जोड द्यावीच लागते.

चिकूचे गरम टॉपिंग कसे करायचे?

चार स्लाइससाठी चार ते पाच पूर्ण पिकलेले मध्यम चिकू, एक चहाचा चमचा तूप, तीन मोठे चमचे पाणी, चिमूटभर मीठ, पाव चमचा सुंठ पूड आणि एक चमचा लिंबाचा रस घ्यावा. चिकू फार गोड नसतील तरच चमचाभर किसलेला गूळ.

चिकू सोलून बिया काढाव्यात. ही पायरी घाईत उरकू नये. चिकूच्या बीला टोकाशी आकड्यासारखा भाग असतो आणि ती घशात अडकू शकते. लहान मुलांसाठी करताना प्रत्येक फोड तपासावी. बी पोखरलेली किंवा आत अळीचा माग दिसला तर ते फळ बाजूला काढावे. फोडी बोटाच्या पेराएवढ्या कराव्यात आणि त्यांचे दोन भाग करावेत.

पॅनमध्ये तूप तापवून पहिला भाग घालावा, पाणी व मीठ घालून मध्यम आचेवर तीन मिनिटे शिजू द्यावे आणि चमच्याने ठेचावे. दाटसर रस तयार झाला की सुंठ आणि उरलेल्या फोडी घालून मिनिटभरच परतावे. गॅस बंद करून मग लिंबू पिळावे. अर्धे फळ ठेचल्याने रस दाट होतो आणि उरलेल्या फोडींमुळे खाताना फळ खाल्ल्यासारखे वाटते. जास्त वेळ उकळत ठेवले तर चिकू गडद होतो आणि रवाळपणा जाणवू लागतो.

येथे तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक कच्च्या चिकूची. ‘शिजवायचाच आहे, कच्चा चालेल’ हा समज चुकीचा आहे. कच्च्या चिकूत चीक आणि तुरटपणा आणणारे टॅनिन भरपूर असते. ते शिजवल्याने जात नाही. जीभ आणि टाळू जड होतात आणि सगळी न्याहारी वाया जाते. साल नखाने हलके खरवडून पाहावी. आत हिरवट दिसले किंवा चीक आला तर फळ अजून तयार नाही. कच्चे चिकू फ्रीजमध्येही ठेवू नयेत. थंडीने त्यांची पिकण्याची क्रिया बिघडते. खोलीत कागदात गुंडाळून पिकवावेत आणि पिकल्यावर मात्र दोन-तीन दिवसांसाठी फ्रीजमध्ये ठेवावेत.

दुसरी चूक भांड्याची. टोस्ट लोखंडी तव्यावर छान होतो. पण चिकू किंवा जांभूळ लोखंडी कढईत शिजवू नये. त्यांतील टॅनिन लोहाशी संयोग पावते आणि टॉपिंग काळपट, धातूच्या चवीचे होते. स्टीलचे किंवा नॉनस्टिक भांडे वापरावे.

तिसरी चूक दुधाची. टॉपिंगमध्ये लिंबू पडल्यावर दूध किंवा पातळ साय घालू नये, ती फुटते. साय हवीच असेल तर ताटात, वरून.

चिकू नसेल तर?

पालघर जिल्ह्यात ऋतूनुसार पर्याय आहेत. मेअखेर आणि जूनमध्ये जांभळे येतात. पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळालाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जांभळे थोड्या पाण्यात पाच-सात मिनिटे शिजवून चाळणीवर घासून बिया वेगळ्या कराव्यात आणि गरात साखर घालून पुन्हा दाट करावे. येथे चिकूच्या उलट हिशेब लागतो. आंबट-तुरट चव मुळातच असते, साखर बाहेरून घालावी लागते. लिंबाचे दोन थेंब मात्र इथेही उपयोगी, कारण आंबटपणामुळे जांभळाचा रंग निळसर न राहता लालबुंद जांभळा होतो. जांभूळ मधुमेहींना चालते म्हणून हे टॉपिंगही चालेल, असे समजू नये. त्यात साखर आहे आणि खाली मैद्याचा ब्रेड आहे.

केळी तर बाराही महिने. वसई परिसर एकेकाळी केळींच्या बागांसाठी प्रसिद्ध होता आणि राजेळी केळी वाळवून केलेली तिथली सुकेळी आजही शोधून आणली जाते. केळ्याच्या चकत्या तुपात दोन्ही बाजूंनी मिनिटभर परतल्या आणि थोडा गूळ विरघळवला की टॉपिंग तयार. सुकेळी वापरायची असेल तर बारीक चिरून दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी. आंब्याच्या दिवसांत मात्र फोडी फक्त कोमट कराव्यात. आंबा शिजवला की त्याचा ताजा वास जातो.

अंडे न खाणाऱ्यांनी काय करावे?

अंड्याचे काम दूध घट्ट करण्याचे आहे आणि ते काम कस्टर्ड पावडर बऱ्यापैकी करते. ही पावडर मुळात याच गरजेतून आली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे औषध विक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी चालत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये अंड्याऐवजी मक्याच्या स्टार्चपासून कस्टर्ड तयार केले.

चार स्लाइससाठी पाऊण कप थंड दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि दोन चहाचे चमचे साखर कालवावी. दूध गरम असेल तर गुठळ्या होतात. पावडर तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक स्लाइस बुडवण्यापूर्वी मिश्रण ढवळणे आवश्यक आहे. येथे स्लाइस दहा-पंधरा सेकंदच बुडवावा, कारण हे मिश्रण अंड्यासारखे ब्रेडला बांधून ठेवत नाही. आच अंड्याच्या टोस्टपेक्षा थोडी कमी आणि वेळ मिनिटभर जास्त ठेवावा.

पाळीच्या डब्यात हा पदार्थ चालतो का?

बोईसर-तारापूर पट्ट्यात घराचे घड्याळ पाळीवर चालते. एकाचा नाश्ता ती दुसऱ्याची झोपायची वेळ. त्यामुळे ‘सकाळीच करून डब्यात द्यावा का’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. अंडे-दुधाचा मऊ पदार्थ उकाड्यात तासनतास डब्यात ठेवणे सुरक्षित नाही. शिजवलेला असा पदार्थ खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त आणि कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. शिवाय गरम टोस्ट डब्यात बंद केला की स्वतःच्याच वाफेने तो ओला होतो.

त्याऐवजी काम दोन टप्प्यांत विभागता येते. दूध-अंड्याचे मिश्रण रात्री झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी वापरावे. चिकूचे टॉपिंग फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. खाताना चमचाभर पाणी घालून गरम करावे. रात्रपाळीहून परतलेल्या माणसाला मग दहा मिनिटांत गरम ताट मिळते. जास्त टोस्ट केले असतील तर जाळीवर पूर्ण निववून, मध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे मंद तव्यावर तापवावेत. फुटलेले अंडे, भिजवताना उरलेले मिश्रण किंवा मधोमध ओला राहिलेला टोस्ट मात्र ‘चालून जाईल’ म्हणून वापरू नये. गरोदर महिला, लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी अंडे पूर्ण शिजलेलेच हवे.

हा पदार्थ रोजच्या न्याहारीचाही नाही. १०० ग्रॅम चिकूत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात, बरोबर चांगला तंतूही असतो. पण खाली मैदा, मध्ये साखर आणि वर तूप आहेच. दोन स्लाइस आणि दोन चिकूंचे टॉपिंग हे एका माणसाचे पोटभर ताट आहे. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चिकू उत्पादकांच्या प्रश्नाशी याचा काय संबंध?

चिकूची सगळी अडचण त्याच्या पिकण्यात आहे. फळ झाडावरून कडक असतानाच उतरवले जाते आणि साधारण चार ते सात दिवसांत पिकते. एकदा पिकले की ते फार काळ टिकत नाही. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि शेजारची फळेही पिकू लागतात. त्यामुळे पेटीत एखादे जरी मऊ फळ गेले तरी दूरच्या बाजारात पोहोचेपर्यंत सगळी पेटी धोक्यात येते. साहजिकच प्रतवारीत मऊ पडलेली, लहान किंवा डागी फळे बाजूला निघतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू ब्रिटनला निर्यात झाला, तेव्हा त्याची बातमी झाली. बाहेर जाते ते फळ निवडक असते. उरलेल्या फळाला किती भाव मिळतो, यावर बागायतदाराचा आणि वाडीत राबणाऱ्या आदिवासी मजुरांचा हिशेब बराचसा अवलंबून असतो.

यासाठीच जिल्ह्यात चिकूचे चिप्स, पावडर, लोणचे, मिठाई असे पदार्थ तयार होऊ लागले. बोर्डीत चिकू महोत्सवही भरतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्याच तालुक्यातील वाढवण बंदराची ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. त्याला विरोध करणाऱ्यांत मच्छीमारांबरोबर बागायतदारही आहेत. वाड्यांचे भवितव्य अशा मोठ्या निर्णयांवर ठरणार आहे. एखाद्या न्याहारीने ते बदलेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

तरीही एक गोष्ट घराच्या हातात आहे. स्थानक परिसरात किंवा महामार्गालगत टोपली घेऊन बसलेल्या बाईंकडे संध्याकाळी उरलेले चिकू पूर्ण पिकलेले असतात. दुसऱ्या दिवशी ते विकले जाणार नसतात. गिऱ्हाईक मात्र ‘थोडे कडक द्या’ म्हणत असते. टॉपिंगसाठी नेमके तेच मऊ फळ लागते. लहान आकार, सालीवरचा डाग किंवा थोडी सुरकुती यांनी काही बिघडत नाही. फक्त आंबूस वास आलेले फळ घेऊ नये.

म्हणजे फ्रेंच टोस्टचे गणित रोजच्या खरेदीच्या उलटे आहे. येथे ताजा ब्रेड आणि कडक फळ पदार्थ बिघडवतात, कालचा ब्रेड आणि आजच संपवावे लागेल असे फळ तो जमवतात. घरात या दोन्ही गोष्टी असतील, तर बाजारात जाण्याचे काहीच कारण नाही. तवा मंद आचेवर ठेवावा.